मुखेडकर सरांनी पाहिलेलं खळं

आमच्या स्टाफमध्ये कुणाच्या घरी लग्न निघालं आणि मांडव दारातच टाकायचा असला, की आधी मुखेडकर सरांना विचारलं जायचं. सर भूगोलाचे. नायगावच्या शाळेत त्यांची नोकरी सरत आलेली, माझी नुकती लागलेली. आम्ही दोघंही नांदेडला एकाच कॉलनीत राहायचो आणि रोज एकाच बसनं अप-डाऊन करायचो. त्यामुळं हा माणूस मला शाळेत जेवढा कळला त्याहून जास्त एसटीच्या बाकावर कळला.

पाऊस येतो का, असं सरांना विचारलं तर ते बसल्या जागेवरून कधीच उत्तर द्यायचे नाहीत. "बघून सांगतो," म्हणायचे आणि उठायचे. हातातला घास ताटात ठेवून उठायचे, वर्गातून उठायचे, एकदा तर मुख्याध्यापक बोलत असताना मीटिंगमधून उठले. बाहेर जाऊन मान वर करायची, कमरेवर हात ठेवायचे, बोट थुंकीनं ओलं करून वारा बघायचा, आणि मग आत येऊन दोन शब्दांत सांगायचं. फोनवर कुणी विचारलं तर त्याला धरून ठेवायचे, चपला घालायचे, गच्चीवर जायचे. समोरचा बेजार होऊन फोन ठेवून द्यायचा आणि सर परत त्याला फोन लावून सांगायचे. वर बघत चालायच्या नादात बसच्या पायरीवरून किती वेळा घसरले असतील त्याची गणतीच नको.

धर्माबादला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मिरचीचा व्यापार होता. लाल मिरची उघड्या पटांगणात वाळत पडलेली आणि वर कडकडीत ऊन, असं असताना सरांनी त्याला मिरची आत घ्यायला लावली. माणसं लावून त्यानं ढीग झाकले. दिवसभर एक ढग आला नाही. बाकीचे व्यापारी हसले असतील ते असतीलच, आम्हीसुद्धा बसमध्ये सरांची भरपूर थट्टा केली. दिवेलागणीला असा अवकाळी कोसळला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सर बसमध्ये गुपचूप बसलेले. तोंड एवढंसं करून म्हणाले, बाकीच्यांची भिजली ना, त्यांचा नंबर माझ्याकडं असता तर त्यांलाही सांगितलं असतं. असा माणूस. कळलं ते सांगायचंच, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना.

सरांच्या मंडळी म्हणजे विमलकाकू. ठेंगण्या, गोल, शुगरच्या गोळ्या घेऊन वर श्रीखंड खाणाऱ्या. बोलायला लागल्या की सर शेजारी नुसते मान हलवायचे. काकू फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, ह्यांला घरात मीठ कुठं हाय ते विचारू नका, आभाळातलं विचारा. असं बोलताना त्यांच्या तोंडावर जो तोरा असायचा, तो मी अजून विसरले नाही.

आता बर्फाचं सांगते. दरवर्षी हिमालयाचा धडा आला की सर बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणायचे. पोत्यात भुसा घालून, त्यात लादी गुंडाळून, बसमध्ये पायाशी ठेवायचे. नायगाव येईपर्यंत अर्ध्या बसचे पाय ओले. कंडक्टर कटकट करायचा, सर त्याला हिमनदी समजावून सांगायचे. वर्गात ती लादी सुताराच्या रंध्यानं किसायची आणि एकेका पोराच्या तळहातावर तो कीस ठेवायचा. मग डोळे मिटायला लावून सांगायचं, हिम पडायला लागलं की कसा सगळा आवाज बंद होतो, पाखरं गप्प होतात, आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. पोरं अशी काही चिडीचूप व्हायची की मी शेजारच्या वर्गातून व्याकरण शिकवायचं थांबवून ऐकायची.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही पाहिलंय का? पोरीच्या मनात काही नव्हतं. सर म्हणाले, होय.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले की आज मी वर्गात खोटं बोललो. मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू आलं. अहो सर, म्हटलं, मराठवाड्यातल्या माणसानं बर्फ नाही पाहिला म्हणून काय झालं, मी तरी कुठं सगळ्या कवींना भेटलेय? सर हसले नाहीत. एवढ्याशा खोट्यानं माणूस असा खचतो हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच त्यांनी सहल काढली. दिवाळीच्या सुट्टीत हिमाचलातल्या एका डोंगरी राष्ट्रीय उद्यानात जायचं. सर आणि काकू, मी, माझे मिस्टर आणि सासूबाई, चित्रकलेचे गुट्टे सर आणि त्यांच्या मिसेस. नांदेडहून अमृतसरला थेट गाडी, पुढे मिनीबस. एवढ्या थंडीत कशाला, असं गुट्टे सरांनी विचारलं तर सरांनी अंगणात सगळ्यांना बसवून एक तासच घेतला. हिमालयातली शरद सरता सरता हवा कशी असते ते सांगितलं. पाऊस परत गेलेला, हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळं अजून यायची, त्या दोहोंच्या मधली ही फट. आभाळ धुतल्यासारखं, दुपारी उबदार ऊन, पहाटे गारठा. बर्फ लांबच्या शिखरावर बघायचा, अंगावर येत नाही. असं सांगताना शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरा पडला, हे मला आता आठवतं.

थंडीची तयारी आम्ही आमच्या पद्धतीनं केली. आपल्याकडं थंडी कानातून शिरते. हे नांदेडच्या लेकराला जन्मल्यापासून माहीत असतं. त्यामुळं कानटोप्या, मफलर, कानात कापूस, वरून शाल, असा सगळा बंदोबस्त मानेच्या वर. पायाला काय होतंय? सुती मोजे आणि रोजच्या सँडल. काकूंनी तर सँडलमध्ये बोट अडकवायचं म्हणून मोज्याला पुढून कात्रीनं खाच पाडली होती.

ते जंगल मी कसं सांगू? देवदारांचा काळपट हिरवा, त्यात मधेच पानं पिवळीधमक झालेली झाडं, वर गवताची कुरणं वाळून तपकिरी पडलेली. सावलीत पाय ठेवला की हाडं गोठायची आणि चार पावलांवर उन्हात आलो की स्वेटर काढावंसं वाटायचं. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. ओढ्याच्या कडेला सकाळी काचेसारखा पापुद्रा धरायचा आणि उन्हं आली की विरघळायचा. उद्यान थोड्याच दिवसांत हिवाळ्यासाठी बंद व्हायचं होतं. सर लहान पोरासारखे त्या पापुद्र्यांना बोट लावत हिंडत होते. शिखरं दिसली, लांब, पांढरी. काकू म्हणाल्या, झालं ना पाहून? सर म्हणाले, पडताना कुठं पाहिलं?

त्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या अंगणात सर बराच वेळ वर बघत उभे होते. जेवण वाढलंय म्हणून मी बोलवायला गेले तर चंद्राकडं बघून राहिले होते. आत या सर, म्हटलं, तर दचकले.

सकाळी कुरणापर्यंत चढून जायचं ठरलं. ड्रायव्हर म्हणाला, मौसम साफ है. फाटकावरच्या वनरक्षकानंही हात हलवून जाऊ दिलं. ऊन होतं, फक्त जरा पातळ, दुधात पाणी घातल्यासारखं. आम्ही कुणी वर पाहिलंच नाही. वर बघायचं काम सरांचं, हे आमचं ठरूनच गेलेलं होतं. काकूंनी सँडलचा पट्टा लावता लावता विचारलं, "काय हो, आभाळ कसं हाय? जाऊ ना?"

"काही होत न्हाई. चला," सर म्हणाले.

ते खाली काठी शोधत होते. मान वर न करताच बोलले.

दुपारी कुरणात पोचलो आणि ऊन गेलं. वारा फिरला. मग थांबलाच. आणि सुरू झालं. आधी एखाददुसरं, कापूस पिंजताना उडतो तसं, मग सगळीकडं. सर वर्गात सांगायचे ते अक्षर न अक्षर खरं होतं. आवाज बंद झाला. पाखरं गप्प झाली. सरांनी कानटोपी काढून टाकली, तोंड वर केलं आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. गालावरून पाणी वाहत होतं. काकू त्यांच्याकडं बघून हसत होत्या, आम्हाला खुणावत होत्या, बघा बघा म्हणून. आम्हीही नाचलो, फोटो काढले, सासूबाईंनी देवाचं नाव घेऊन चिमूटभर बर्फ तोंडात टाकला. खरं सांगते, इतकी आनंदाची घटका माझ्या आयुष्यात फार आली नाही.

मग ते थांबेना. पायवाट दिसेनाशी झाली. आम्ही सगळे एकमेकांना धरून वनखात्याच्या एका पडक्या खोपटात बसलो, पुन्हा उतरायला लागलो, पुन्हा थांबलो. काकूंचे मोजे पार भिजलेले. पण शुगरमुळं त्यांच्या पायाला आधीच कमी कळायचं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मला काही होऊन न्हाई राहिलं, तुम्ही कान झाका. खाली पोचलो तेव्हा अंधार पडत होता. मिसेस गुट्ट्यांनी त्यांचे मोजे ओढून काढले. बोटं मेणासारखी पांढरी. सर ती बोटं मांडीवर घेऊन चोळत बसले, ते रस्ता मोकळा होईपर्यंत. नंतर डॉक्टर म्हणाले, चोळायला नको होती.

उजव्या पायाची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

नांदेडला आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. शहाळी, बिस्किटांचे पुडे आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, निसर्गापुढं कुणाचं काय चालतं सर. काकू पलंगावर पाय उशीवर ठेवून बसायच्या आणि आलेल्या प्रत्येकाला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या. एकीनं म्हणे कॉलनीत काढलं होतं की एवढा हवामानवाला माणूस आणि बायकोला बर्फात घेऊन गेला. ते काकूंच्या कानावर आलं. मग काय, पाय बरा होताच काठी टेकत टेकत त्या बाईच्या घरी गेल्या. तिथल्या लोकांला कळालं न्हाई तर ह्यांला कसं कळंल, ह्यांला माहीत असतं तर ह्यांनी मला पायरी उतरू दिली असती का, असं तिला सुनावून आल्या. तिथंच थांबल्या नाहीत. हळदी-कुंकवाला, बारशाला, दळणाच्या रांगेत, जिथं विषय निघेल तिथं काकू सरांची बाजू मांडायच्या. सर जवळ असले की उठून आत चहा ठेवायला जायचे. आयुष्यात कधी गॅस न पेटवलेला माणूस, पण आलेल्याला दोन-दोनदा चहा व्हायचा.

सरांनी वर बघायचं सोडलं. मला हे पहिल्यांदा बसमधून उतरताना जाणवलं, कारण ते घसरले नाहीत. कुणी पावसाचं विचारलं तर म्हणायचे, मोबाईलवर बघा. त्या वर्षी बर्फाची लादीही आणली नाही. आम्हाला वाटलं, काकूंच्या पायाचं दुःख आहे. आम्ही त्यांना समजावायचो, तुमची काय चूक सर, आणि ते असं बघायचे जणू आम्ही त्यांना मारतोय. मला राहून राहून वाटायचं, हा माणूस सांत्वन का घेत नाही? आता त्या सगळ्या सांत्वनाची लाज वाटते. ऐकून घ्यायलाच त्यांना सगळ्यात जड गेलं असेल.

मग त्यांचा निरोप समारंभ झाला. सपत्नीक सत्कार. काकू नवी इरकल नेसून, एका बाजूनं कापूस भरलेला बूट घालून स्टेजवर बसलेल्या. मुख्याध्यापकांनी भाषणात ती सहल काढलीच. म्हणाले, अचानक आलेल्या त्या हिमवादळात सगळ्यांना सुखरूप खाली आणणारे आमचे मुखेडकर सर. टाळ्या पडल्या. काकूंनी पदर डोळ्याला लावला. सर उत्तर द्यायला उठले, माईक धरला, आणि उभेच राहिले. पोरांत चुळबुळ सुरू झाली. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं. शेवटी, "मी ह्याच्या लायकीचा न्हाई," एवढंच म्हणून बसले. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आमच्या दारात. रविवार होता. सासूबाई पुढच्या खोलीत गवार मोडत बसलेल्या. या बसा झालं, मी पाणी आणलं. काकूंनी पाण्याला हात लावला नाही. त्यांच्याकडं बघूनच मला कळलं की काहीतरी झालंय, डोळे सुजलेले आणि तोंड मिटलेलं. काकूंचं तोंड मिटलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"ह्यांला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या.

सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. फरशीकडं बघत त्यांनी सांगितलं. कुरणात चढायच्या आदल्या संध्याकाळी चंद्राला खळं पडलेलं होतं. चंद्राभोवती किंवा सूर्याभोवती मोठं कडं पडतं, त्याला खळं म्हणतात आणि ते पडलं की वर ओल आलीय, एक-दोन दिवसांत आभाळ उतरणार, हे सरांनीच आम्हाला शिकवलेलं. सकाळी सूर्यालाही होतं. पश्चिमेची वादळं त्या वर्षी लवकर आली होती आणि ते त्यांना कळलं होतं. तिथल्या कुणालाच कळलं नव्हतं, फक्त त्यांना. सांगितलं असतं तर बस लगेच खाली वळली असती आणि हिम पडताना बघायचं राहून गेलं असतं. "मला वाटलं, जरासं पडंल. बघू आणि उतरू," सर म्हणाले. "विमलनं इचारलं, तवा मला माहीत होतं."

राग यायला पाहिजे होता, माझी म्हातारी सासू त्या बर्फात होती. पण मला नुसती लाज वाटत होती, त्यांचीही आणि तिथं बसून ते ऐकतेय याची माझीही. कुणा भल्या माणसाला असं उघडं पडलेलं बघू नये. सासूबाईंनी गवारीची परडी बाजूला सारली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या की जाऊ द्या, झालं गेलं, देवाच्या मनात होतं.

"न्हाई, मावशी," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बोटं माझी गेली. जाऊ द्यायचं का न्हाई, ते मी बघीन. पण मी घरोघर हिंडून लोकांला काय सांगून राहिले? ह्यांला माहीत नव्हतं म्हणून. त्या बाईला तिच्या दारात जाऊन भांडले मी. ह्यांनी मला सगळ्या गावापुढं खोटं बोलायला लावलं आणि आत जाऊन चहा ठेवत बसले. ते माझं खोटं मला परत घ्यायचंय."

आणि सर त्यांच्याकडं बघून मान हलवत होते, अगदी पूर्वीसारखी.

आदल्या रात्री समारंभाहून घरी गेल्यावर शाल-नारळ देवापुढं ठेवायला काकू निघाल्या, तेव्हा सरांनी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं, असं नंतर कळलं. काकू सकाळी उठून तयार झाल्या आणि म्हणाल्या, चला. आमच्या घरापासून सुरुवात केली, कारण सहलीला सगळ्यात वयस्कर सासूबाई होत्या. चहा नको म्हणाल्या. अजून गुट्टे सरांकडं जायचं होतं, आणि मग त्या बाईकडं, आणि मग ज्यांच्या ज्यांच्याकडं काकू बोलल्या होत्या त्या सगळ्यांकडं.

पुढं काही महिन्यांनी दोघं लातूरला मुलीकडं राहायला गेले. फोनवर काकू बोलतात, सर बरे आहेत म्हणतात, पण त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. सर मला अजून दिसतात ते त्याच सकाळचे. मी फाटकापर्यंत गेले होते. आमच्या तीन पायऱ्या उतरताना सरांनी हात पुढं केला. काकूंनी तो धरला नाही, कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या, आणि सर तो हात तसाच पुढं धरून त्यांच्या पावलानं उतरले. गुट्टे सरांचं घर समोरच्याच ओळीत. काकू पुढं, सर मागं. गुट्टे सरांनी दार उघडलं, हसले, या या म्हणाले, मिसेसना हाक मारली. काकू आत जाऊन बसल्या. सरांनी चपला काढल्या नाहीत. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि तिथूनच बोलायला लागले.